चार ओळींची बातमी

वर्तमानपत्र वाचायची माझी रीत जरा उलटी आहे. आधी खेळाचं पान, मग जिल्ह्याचं, आणि दिल्ली-मुंबई सर्वांत शेवटी. घरचे म्हणतात, कवी माणसाला हे शोभत नाही. पण श्रोतेहो, खरं सांगू? जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत खेळाच्या पानाच्या तळाशी ज्या चार-चार ओळींच्या बातम्या येतात, त्यांत मला जेवढी माणसांची धाकधूक दिसते तेवढी पहिल्या पानावर दिसत नाही.

त्या बातम्या कशा असतात? ‘विदर्भ संघाचे सराव शिबिर सुरू.’ ‘अमुक खेळाडूला ना-हरकत प्रमाणपत्र.’ ‘सोळा वर्षांखालील संभाव्य खेळाडूंची यादी जाहीर.’ फोटो नाही, मोठा मथळा नाही. सामने सुरू नसतात, म्हणून लोक पान उलटतात. आमच्या नेरमध्ये मात्र एक माणूस या बातम्या कात्रीनं कापून वहीत चिकटवतो. तो माझा भाचा, थोरल्या बहिणीचा मुलगा.

भाच्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पावसाळ्यात विहिरीवरच्या मोटारी बंद, त्यामुळे याच्या हातालाही काम कमी. तेव्हा वही बाहेर निघते. मागच्या पावसाळ्यात एक दिवस त्यानं मला चहा पाजला आणि विचारलं, ‘मामू, पोट्ट्याले नागपूरले पाठवू का?’ आमच्या घरात बोलणं उर्दूत होतं, पण क्रिकेटवरचा वाद वऱ्हाडीतच रंगतो.

पोट्टं म्हणजे त्याचा तेरा वर्षांचा मुलगा. चेंडू वेगात टाकतो. बापासारखा. आणि बापाचं काय झालं होतं ते मला ठाऊक होतं, म्हणून मी लगेच ‘हो’ म्हटलं नाही आणि ‘नाही’ही म्हटलं नाही. ‘आधी हिशेब मांडू,’ म्हटलं. आजचं बोलणं म्हणजे तो हिशेब.

प्रथम ही शिडी कशी आहे ते पाहू. विदर्भात अकरा जिल्हे. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या दोन कोटी तीस लाखांच्या घरात. या सगळ्या मुलखातून मुलांचे मुख्य संघ निघतात चार. सोळा वर्षांखालील मुलं विजय मर्चंट करंडक खेळतात, एकोणीस वर्षांखालील कूचबिहार करंडक, तेवीस वर्षांखालील कर्नल सी. के. नायुडू करंडक, आणि सर्वांत वर रणजी करंडक. एका संघात साधारण पंधरा मुलं धरली, तर झाल्या साठ जागा. या शिडीच्या खाली नागपुरातल्या क्लबांची गुजदर लीग आहे, जिल्ह्या-जिल्ह्यांचे संघ आहेत. त्याच्याही खाली शाळेची मैदानं, आणि सगळ्यांत खाली आमचं कापूस वेचून झालेलं शेत.

अमेरिकेत बेसबॉलचा कारभारही असाच पायऱ्यांचा आहे. तिथल्या वरच्या लीगमध्ये ३० क्लब, आणि प्रत्येक क्लबाच्या हाताखाली लहान गावांतून खेळणारे चार संघ. पोरगं खालच्या संघात शिकतं आणि पायरी पायरीनं वर सरकतं. मोसम शरद ऋतूत संपतो आणि फेब्रुवारीत सराव सुरू होईपर्यंत मैदानं ओस. पण गप्पा थांबत नाहीत. कोण कुठल्या क्लबात गेला, कुणाचा करार संपला, खालच्या संघातला कोणता पोरगा वर येणार, यावर हिवाळाभर चर्चा चालते. त्या काळाला तिथे ‘गरम शेगडीचा मोसम’ म्हणतात, कारण पूर्वी लोक शेगडीभोवती बसून या गप्पा मारत. आपल्याकडे तो मोसम पावसाळ्यात येतो आणि शेगडीच्या जागी चहाच्या टपरीची भट्टी असते, एवढाच फरक.

अजून एक फरक आहे, आणि तो मोठा. तिथे खालच्या संघातल्या पोरांचा पगार वरचा क्लब देतो. आपल्याकडे पैसा सुरू होतो तो वयोगटाच्या संघात नाव आल्यावर. क्रिकेट मंडळानं २०२१ साली ठरवलेल्या दरांप्रमाणे रणजीत नव्या खेळाडूला दिवसाला चाळीस हजार रुपये, वीसपेक्षा जास्त सामने झाले की पन्नास हजार, चाळीसच्या वर साठ हजार. तेवीस वर्षांखालच्या मुलाला दिवसाला पंचवीस हजार आणि एकोणीस वर्षांखालच्याला वीस हजार. आकडे ऐकून कापूसवाल्या माणसाचे डोळे विस्फारतात. पण हे पैसे अकरात खेळलात तर. राखीव बसलात तर निम्मे. यादीत नाव नसेल तर शून्य. आणि तिथवर पोचेपर्यंतचा सगळा खर्च, बॅट, बूट, एसटी, खोली, मेस, बापाच्या खिशातून.

आता त्या चार ओळींच्या बातम्यांकडे येऊ. पहिली जात, ‘ना-हरकत प्रमाणपत्रा’ची. खेळाडूला एका राज्याचा संघ सोडून दुसऱ्या राज्याकडून खेळायचं असेल, तर जुन्या संघटनेकडून हे प्रमाणपत्र घ्यावं लागतं. हे देणं-घेणं बहुतेक पावसाळ्यात होतं. नव्या घरी त्याला पाहुणा खेळाडू म्हणतात, आणि एका संघात असे तीनच चालतात. २०२५च्या पावसाळ्यात अशा दोन बातम्या पाठोपाठ आल्या. करुण नायर विदर्भ सोडून आपल्या कर्नाटकात परत गेला, आणि अमरावतीचा आपला जितेश शर्मा बडोद्याला गेला. टपरीवर दोन दिवस हळहळ चालली.

लोकांचा एक जुना आक्षेप आहे. बाहेरचा आला की आपल्या पोराची जागा गेली. हिशेबानं तो बरोबर आहे. पण हिशेबाला दुसरी बाजूही असते. विदर्भाचा संघ १९५७-५८च्या मोसमापासून रणजी खेळतो. अंतिम सामना गाठायला त्याला साठ वर्षं लागली. २०१७-१८ साली तो गाठला तेव्हा कप्तान नागपूरचा फैज फजल होता, प्रशिक्षक मुंबईचे चंद्रकांत पंडित आणि फलंदाजीत मुंबईहून आलेला वसीम जाफर. इंदूरच्या होळकर स्टेडियमवर १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भानं दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं. त्या सामन्यात हॅट्‌ट्रिक घेतली ती आपल्याच रजनीश गुरबानीनं आणि शतक ठोकलं ते आपल्याच अक्षय वाडकरनं. पुढच्याच वर्षी, २०१९च्या फेब्रुवारीत, नागपुरात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून करंडक राखला.

करुण नायरची गोष्टही तशीच. कर्नाटकात जागा उरली नाही, म्हणून तो २०२३ साली विदर्भात आला. २०२४-२५च्या रणजीत त्यानं ८६३ धावा केल्या. नागपुरातल्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध पहिल्या डावात तीन गडी झटपट पडले. तेव्हा एका टोकाला हा अनुभवी पाहुणा उभा राहिला आणि दुसऱ्या टोकाला नागपूरचा एकवीस वर्षांचा दानिश मालेवार. दोघांनी २१५ धावांची भागी केली. दानिशच्या १५३ झाल्या आणि सामनावीर तोच ठरला. मुशायऱ्यात एखादा नामवंत शायर शेजारी बसला की नवख्याचा आवाज आपोआप लागतो, तसंच हे. काही महिन्यांनी करुण पुन्हा भारताकडून कसोटी खेळला. विदर्भाला त्यानं दिलं आणि विदर्भानं त्याला.

आणि जाणाऱ्याचं काय? डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटे विदर्भाच्या दोन्ही पहिल्या विजयांत होता. २०१९च्या अंतिम सामन्यात त्यानं अकरा बळी घेतले होते. २०२४-२५साठी तो केरळात गेला, आणि नशिबाचा खेळ पाहा, त्याच मोसमाचा अंतिम सामना विदर्भ आणि केरळ यांच्यात, तोही नागपुरात. सरवटेनं आपल्याच जुन्या सोबत्यांविरुद्ध ७९ धावा काढल्या. पण त्याच्या जाण्यानं फिरकीचा सगळा भार ज्या बावीस वर्षांच्या डावखुऱ्या मुलावर आला, त्या हर्ष दुबेनं त्या मोसमात ६९ बळी घेतले. रणजीच्या एका मोसमात इतके बळी तोवर कुणीच घेतले नव्हते. पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता झाला.

म्हणून भाच्याला म्हटलं, ‘कोणी गेला ही बातमी असेल तर त्यात कुणासाठी तरी जागा झाली हीही बातमी असते. ती छापून येत नाही, एवढंच.’

स्थलांतराची ही रीत आजची नाही. नायुडू करंडक ज्यांच्या नावानं आहे ते कर्नल सी. के. नायुडू मूळ नागपूरचे. १८९५ साली तिथे जन्मले आणि पुढे होळकरांच्या पदरी इंदूरला गेले. १९३२ साली भारताच्या पहिल्या कसोटीचे कप्तान झाले. नागपूरचा हिरा इंदूरला गेला आणि विदर्भानं पहिला रणजी करंडक जिंकला तो इंदूरलाच, होळकरांच्या नावाच्या मैदानावर.

बातम्यांची दुसरी जात वयाची. मंडळाच्या स्पर्धांत वय मोजलं जातं ते १ सप्टेंबर या तारखेला. सोळा वर्षांखालच्या मुलांची तर हाडांची चाचणी होते. डाव्या मनगटाचा आणि हाताचा एक्स-रे काढतात आणि हाडं किती जुळली यावरून वय ठरवतात. वय चोरणाऱ्यांना आळा बसावा म्हणून ही पद्धत आली, आणि ती हवीच होती. पण आपल्याकडचा घोळ वेगळाच. माझीच जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जुलै आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच होती. गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या सुमारास सगळ्यांना एकदम जन्माला घातलं! माझं काही बिघडलं नाही, कवितेला वयाचा दाखला लागत नाही. पण खेळणाऱ्या मुलाचं कागदावरचं वय खऱ्यापेक्षा वर्षभरानं जास्त असेल, तर त्याचं एक वर्ष न खेळताच संपतं. म्हणून दवाखान्यातली नोंद, ग्रामपंचायत किंवा नगर पंचायतीचा दाखला आणि शाळेचा दाखला, तिन्ही जुळतात की नाही हे बापानं मूल लहान असतानाच पाहिलं पाहिजे.

तिसरी जात मैदानाची. पावसाळ्यात खेळपट्ट्या उकरतात, नवी माती भरतात, रूळ फिरवतात. माती कोणती? पुष्कळ ठिकाणी काळीच. आपली कापसाची काळी माती. ती पाणी धरून ठेवते, वाळली की घट्ट बसते आणि मग भेगाळते. त्या भेगांवरच फिरकीवाले जगतात. आणि वर लावायचं गवत कोणतं, माहीत आहे? हरळी! त्याच जातीचं गवत क्रिकेटच्या मैदानांवर लावतात. जी हरळी खणून खणून आमच्या शेतकऱ्याची कंबर मोडते, तिला तिथे खतपाणी घालून माणसं मुलासारखी वाढवतात. आमच्या शेतात माती तीच आणि गवतही तेच. चुकतं ते वेळापत्रक.

आणि इथेच, श्रोतेहो, हिशेबाचा खरा आकडा सापडला.

नेरच्या पोरांचं क्रिकेट केव्हा सुरू होतं? कापूस निघाला, तूर निघाली, शेत मोकळं झालं की. म्हणजे फेब्रुवारी ते मे. पहिला पाऊस पडला की मैदानाचा चिखल आणि शेतात पेरणी. चेंडू माळ्यावर जातो. आणि वरच्या संघांची शिबिरं, चाचण्या, याद्या केव्हा? नेमक्या पावसाळ्यात, कारण मोसम ऑक्टोबरात सुरू होतो. नागपूरच्या पोराला छपराखालच्या सरावाची सोय आहे. तो जुलैत रोज दोनशे चेंडू खेळतो. आमचं पोरगं दोन-तीन महिने चेंडूला हात न लावता चाचणीला जातं. आमचा हंगाम संपतो तेव्हा निवड सुरू होते.

माझ्या भाच्याचं हेच झालं. २००३चा पावसाळा. वय सतरा. मे महिन्यात तालुक्यातली तीन गावं त्याच्या गोलंदाजीला घाबरत होती. ऑगस्टमध्ये तो एका निवड चाचणीला गेला. पहाटेची एसटी, चार-पाच तासांचा प्रवास, पायात साधे कॅनव्हासचे बूट. हातात आला लेदरचा चेंडू, आयुष्यात पहिल्यांदा. टेनिसचा चेंडू साठ ग्रॅमच्या आत असतो. लेदरचा १५६ ते १६३ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तिप्पट. त्याला शिवण असते, ती बोटांत कशी धरायची हे शिकावं लागतं. यानं सहा चेंडू टाकले. दोन जाळीवर गेले, एक पायाशी आपटला, ओल्या जमिनीवर पाय घसरला तो वेगळाच. कोणी वाईट वागलं नाही, कोणी अन्याय केला नाही. शंभर पोरं रांगेत होती, प्रत्येकाला सहा चेंडू. ‘पुढचा’ म्हणाले, एवढंच. रात्री उशिरा घरी आला आणि बहिणीनं वाढलेलं ताट तसंच राहिलं. तेवीस वर्षं होत आली. आजही तो म्हणतो, ‘मामू, तो मी नव्हतो.’

खरंच, तो तो नव्हता. त्याच्यात काय आहे हे दाखवायला लागणारे आधीचे तीन महिने त्याच्यापाशी नव्हते.

कुणी उमेश यादवचं नाव घेईल. घ्यायलाच हवं. कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, वलनीच्या वसाहतीत वाढलेला. पोलिस भरतीचा प्रयत्न करून झालेला. विशीच्या आसपासपर्यंत टेनिसच्याच चेंडूवर खेळलेला. २००८ साली रणजी खेळला आणि २०११ साली भारताकडून कसोटी. विदर्भाकडून खेळता खेळता कसोटीपर्यंत पोचलेला तो पहिला. पण त्याचं गाव नागपूरला लागून होतं. टेनिसच्या चेंडूपासून क्लबच्या नेटपर्यंतचं अंतर त्याला सायकलनं किंवा बसनं कापता आलं. आमच्यासाठी ते अंतर एका दिवसाच्या मजुरीचं आहे. अकोल्याचा अथर्व तायडे, अमरावतीचा जितेश, ही जिल्ह्याच्या ठिकाणची मुलंही वर आलीच. जिथे वर्षभर जाळी आहे, तिथून पोरं निघतात. तालुक्यात जाळी नाही, म्हणून तालुक्यातून क्वचित.

अमेरिकेचं उदाहरण अर्धवट राहिलं होतं. २०२१ साली तिथे खालच्या संघांची संख्या १६०वरून १२०वर आणली गेली. चाळीसहून जास्त गावांचा वरच्या क्लबांशी असलेला धागा तुटला. काही गावांनी दुसऱ्या लहान लीगमध्ये खेळ सुरू ठेवला, पण पायरी गेली ती गेली. शिडीची खालची पायरी कोणी काढून घेतली तर वरच्यांना ते लगेच कळत नाही. आपल्याकडे ती काढून घ्यायचीही गरज पडली नाही, ती बसवलीच गेली नाही. आणि ती बसवायला स्टेडियम लागत नाही. सिमेंटची एक पट्टी, वर मॅटिंग, दोन्ही बाजूंना जाळी आणि पत्र्याचं छप्पर. प्रत्येक तालुक्याला एक. नागपूरच्या संघटनेनं करावं, नगर पंचायतीनं करावं, नाहीतर आपण गावकऱ्यांनी वर्गणी काढून करावं. गणपती, उरूस, जयंतीला आपण मंडप घालतोच की.

भाच्याला मी काय सांगितलं? पोराला पाठव, पण नागपूरला लगेच नको. आधी दाखले जुळव. लेदरचा चेंडू आजपासून हातात दे. रविवारी यवतमाळला ने, तिथे कोणी शिकवणारा असेल त्याला दाखव. जिल्ह्याच्या संघात नाव आलं तर पुढचं बोलू. शेत विकू नको, कर्ज काढू नको. शाळा एक दिवसही बुडवू नको, कारण साठ जागा आहेत आणि दोन कोटी तीस लाख माणसं. आणि पोराला आत्ताच सांगून ठेव, निवड झाली नाही तरी तू माझाच पोरगा.

शेवटचं वाक्य ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘मले कोणं सांगतलं नव्हतं हे.’

आठवडाभरानं मी दुकानावर गेलो. मागच्या पत्र्याच्या शेडमधलं भंगार बाहेर काढलेलं, दोन्ही बाजूंना जाळी बांधलेली. खेळपट्टी बावीस यार्डांची, म्हणजे सहासष्ट फूट. शेड भरलं साठ फूट. सहा फूट कमी, आणि धाव घ्यायला तर जागाच नाही. म्हणून त्यानं मागचं दार बिजागरीसकट काढून टाकलं होतं. आता पोरगा गल्लीतून धाव घेतो, पावसात भिजत येतो, दाराच्या चौकटीत हात फिरवतो, आणि चेंडू आत कोरड्यात पडतो. भाचा दुसऱ्या टोकाला उकिडवा बसून एक-एक चेंडू अडवतो आणि मोजतो.

मी गेलो तेव्हा मोजणी एकशे बाराव्या चेंडूवर होती.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)